मांजराचं पिल्लू सकाळपासून खात नाही. आत्ता न्यावं की सकाळपर्यंत थांबावं?

कपाशीकाठ | रविवार, रात्री ८:२०

नमस्कार मंडळी. पारोळ्याजवळच्या खेड्यातून लिहितेय. भाव वाढेल म्हणून यंदाचा कापूस आम्ही अजून मागच्या खोलीतच ठेवलाय. नोव्हेंबरअखेर त्या ढिगात एक भाटी व्यायली. दोन पिल्लं झाली. महिन्याभराने ती एकाएकी यायची बंद झाली, बहुतेक हायवेवर गेली. तेव्हापासून पिल्लं आमचीच. बोका तो बोंड. दुसरी पांढरीशुभ्र, नाकावर एक काळा ठिपका, म्हणून सरकी. आता सात आठवड्यांची असतील.

आज सकाळी सरकीने वाटीला तोंड लावलं नाही. दुपारी पिवळ्या फेसाची उलटी केली, संध्याकाळी पुन्हा एक. दोनदा पातळ शी झाली. एरवी माझ्या ओढणीला लोंबकळत घरभर फिरणारी पोर आता पाय पोटाखाली घेऊन बसलीय. डोळे उघडे आहेत, पण कुठे बघत नाही. समोर शेपटी हलवत बोंड आला तरी मान वळवली नाही.

रविवार आहे, तालुक्याचा दवाखाना बंद. सासूबाई म्हणतात, "रातभर ऱ्हाऊ दे, सकायले व्हई जाई बरी." मिस्टर धुळ्याला न्यायला तयार आहेत, पण बाहेर गारठा इतका आहे की या थंडीत नेऊन जास्त बिघडेल की काय असं वाटतं. थांबायचं कधी आणि निघायचं कधी, हे तुम्ही कशावरून ठरवता?

बट्टीची_माय | रात्री ८:३१

ताई, निघा. बाकी चर्चा वाटेत वाचा.

यावलकर | रात्री ८:४४

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या मळ्यात कायम सात-आठ मांजरं असतात. आजारी पडलं की कोपरा धरतं, गवत खातं, ओकतं आणि दोन दिवसांनी उठून उंदरामागे पळतं. जनावराला आपलं शरीर कळतं. रात्री गाडीवर थंडीत नेऊन, अनोळखी जागी सुया टोचून त्याला घाबरवण्यापेक्षा उबेत पडू द्यावं. सकाळी नाही उठलं तर न्या.

बट्टीची_माय | रात्री ८:५२

यावलकर भाऊ, तुम्ही म्हणता ते तीन किलोच्या दांडग्या मांजराचं. तिच्या अंगावर दोन दिवसांची शिदोरी असते. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगावर काही नसतं. ते सकाळी जेवलं नाही की दुपारी रक्तातली साखर उतरते, संध्याकाळी अंग गार पडतं, आणि गार पडलेल्या पोटात मग दूधही पचत नाही. माझ्या पहिल्या पिल्लाला मी असंच "सकाळी बघू" म्हणून टोपलीत निजवलं होतं. पहाटे पाचला हात लावला तर कान बर्फासारखे. त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

आणि मळ्यात जी उठली ती तुम्हाला दिसली, भाऊ. जी उठली नाहीत ती तुरीत शिरून पडली असतील, ती कुणी मोजली?

गुरांचा_डॉक्टर | रात्री ९:०३

मी सरकारी पशुवैद्य आहे. माझं काम जास्त गाई-म्हशींचं, पण मांजरंही येतात. पडद्यावरून निदान होत नाही, त्यामुळे औषधाचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका. पण ताई, पाच मिनिटांत एवढं बघून सांगा.

वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी आहे की पांढरट? बोटाने दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. हिरडीला बोट चिकटतंय का? निरोगी पिल्लाची हिरडी ओली, गुळगुळीत लागते.

डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात अर्धा इंच घाला, शेपटी कुणाला तरी धरायला सांगा. या वयाला साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हवं. १०३.५ च्या वर वाईट, ९९ च्या खाली त्याहून वाईट. काखेतला आकडा धरू नका.

उंदराचं औषध, फवारणीचा डबा किंवा धागा-सुतळी तोंडात गेल्याची शक्यता आहे का? कापसाचं घर आहे म्हणून मुद्दाम विचारतोय. तोंडातून लाळ गळणं, अंग थरथरणं, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होणं, यातलं काही दिसतंय?

आणि काल-आज काय काय खाऊ घातलं, कुणाचंही न लपवता सांगा.

कपाशीकाठ | रात्री ९:१९

सर, हिरडी फिकी आहे, पांढरीफटक नाही. बोट चिकटतं. रंग यायला "एक, दोन, तीन" म्हणेपर्यंत वेळ लागला. थर्मामीटर ९८.२. औषधं माडीवर कुलपात आहेत, तिथे पिल्लं जात नाहीत. लाळ नाही, थरथर नाही. खाणं रोजचंच, उकडलेली कोंबडी आणि पिल्लांचा कोरडा खाऊ भिजवून. काल सासूबाईंनी वाटीभर म्हशीचं दूध दिलं. त्यांना वाटलं पोरीला ताकद येईल.

गुरांचा_डॉक्टर | रात्री ९:२२

निघा. दूध हे एकटं कारण नाही. दुधाने जुलाब होतात, पण अंग ९८ ला उतरत नाही. सासूबाईंना बोल लावू नका.

थंडीचा प्रश्न बरोबर विचारलात. बाटलीत कोमट पाणी भरा, तिला जुन्या धोतराचे दोन वेढे द्या आणि पिल्लाच्या कुशीला ठेवा. हवं तेव्हा सरकून बाजूला होता येईल इतकी जागा सोडा. चूल, शेगडी, हीटर अजिबात नको, अर्धवट शुद्धीतलं पिल्लू भाजून निघतं. अंग गार असताना तोंडात दूध-पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात उतरतं. फार ढिली पडली तर मधाचं बोट हिरडीला चोळा, तेवढंच. झाकणाची टोपली किंवा खोकं घ्या. कडेवर धरून गाडीवर बसू नका. मरगळलेलं मांजरसुद्धा हॉर्नला दचकून उडी घेतं.

पांझरेकाठी | रात्री ९:२९

ताई, मी धुळ्यात आहे. आत्ता मळ्यावर भरीत पार्टीत बसलोय, वांगी अजून काटक्यांवर भाजताहेत, तरी उठतो. रात्री दार उघडणाऱ्या डॉक्टरांना मी ओळखतो, फोन करून ठेवतो. नंबर खाजगी मेसेजमध्ये टाकलाय. शहराबाहेरच्या फाट्यावर मी उभा राहतो, पुढे माझ्या मागे या. गल्लीत वळण चुकतं.

कपाशीकाठ | रात्री ९:३४

निघालो. केळीचं खोकं घेतलंय, त्याला भोकं असतातच. सासूबाईंनी स्वतःहून त्यांची शाल दिली आत घालायला. म्हणाल्या, "पोरगीले ऊब राखजो."

शहाद्याची_पोर | रात्री ९:५०

ताई पोचेपर्यंत एक गोष्ट लिहून ठेवते. हा धागा पुढे कुणीतरी रात्रीच शोधत येईल, त्याच्यासाठी.

आमच्या गोट्याला ताप होता. अंग चटका बसावा इतकं तापलेलं. बाबा घरात सगळ्यांना देतात तीच तापाची गोळी, पॅरासिटॅमॉल, चुरून पाव भाग मधात कालवला आणि प्रेमाने बोटाने चाटवला. संध्याकाळी त्याचा चेहरा आणि पंजे सुजले. हिरड्या चॉकलेटी-निळसर झाल्या. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. डॉक्टरांनी नंतर समजावलं की ही गोळी पचवायची रचनाच मांजराच्या यकृतात नाही. त्यातून जे विष तयार होतं ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, मग श्वास घेऊनही प्राणवायू पोचत नाही. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत मिळावा लागतो. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो.

बाबांनी त्यानंतर मांजर पाळलं नाही. माणसाची कुठलीही गोळी नको. कुत्र्याच्या पिसवांचं औषधही नको, त्यात परमेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात. "थोडीशीच दिली" असं काही नसतं.

यावलकर | रात्री १०:०५

पोरी, वाचून गलबललो. आमच्याकडेही ती गोळी देतात, मी स्वतः दिलीय. आजपासून बंद.

माझा मूळ मुद्दा मात्र पूर्ण चुकीचा नाही असं अजून वाटतं. शिंकलं की दवाखाना, खाजवलं की दवाखाना असं प्रत्येकाला परवडत नाही. यावलहून जळगाव गाठायचं म्हणजे अर्धा दिवस आणि मजुरी बुडते. थांबून चालेल असं काही आहे की नाही, तेही कुणीतरी सांगा.

चोपड्याची_चिऊ | रात्री १०:२१

यावलकर काका, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी दोन्ही चुका केल्यात. एकदा दहा आठवड्यांचं पिल्लू चार वेळा शिंकलं म्हणून मी रडत रडत एसटीने जळगावला गेले. तिथे टेबलावर चढून त्याने डॉक्टरांच्या पेनाशी खेळ मांडला. एकदा याच्या उलट, डोळा चिकटलाय एवढंच आहे म्हणून चार दिवस कोमट पाण्याने पुसत बसले आणि बुबुळावर जखम झाली. ती मांजर आजही त्या डोळ्याने अंधुकच बघते.

आता मी एकट्या लक्षणाकडे बघत नाही. ते लक्षण असताना पिल्लू खातंय का, खेळतंय का, हे बघते. शिंका आहेत पण वाटी चाटूनपुसून साफ करतंय, तर एक दिवस बघते. नाक चोंदून वास येईनासा झाला आणि त्याने खाणं टाकलं, तर त्याच दिवशी नेते. एकदा पातळ शी झाली आणि नंतर दोरीमागे उड्या मारतंय, तर वाट बघते. शीत रक्त दिसलं किंवा जोडीला उलटी आली की थांबत नाही. एका पायाने लंगडतंय पण टेकवतंय, तर सकाळ चालते. डोळा मिटून ठेवलाय, तर चालत नाही.

कशाचीही वाट न बघता उठायचं ते तोंड उघडून धापा टाकत असेल तर, झटका आला तर, किंवा वाळूत वारंवार बसूनही लघवी होत नसेल तर. लघवी अडकणं बोक्यांत जास्त, आणि बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो.

गुरांचा_डॉक्टर | रात्री १०:३३

चिऊताईंनी लिहिलंय त्यात भर घालायची तर वयाची. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू दोन वेळा प्यायलं नाही की मी फोनची अपेक्षा करतो. दोन-तीन महिन्यांचं असेल तर बारा तास उपाशी म्हणजे हद्द झाली. मोठं मांजर एक दिवस, आणि लठ्ठ असेल तर तेही नको, उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठते.

झोपेत छातीची हालचाल मोजायची सवय लावा. मिनिटाला चाळीसच्या वर सतत जात असेल तर फोन करा.

यावलकर, पैशांचं म्हणाल तर सरकारी गुरांचा दवाखाना मांजराला परत पाठवत नाही. १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, फिरतं पथक मुख्यतः गुरांसाठी असलं तरी जवळचा डॉक्टर कोण एवढं तरी विचारता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं.

तापीचं_पाणी | रात्री १०:४७

परत पाठवत नाहीत असं सरसकट नाही, सर. मागच्या पावसाळ्यात एका दवाखान्यात मला सांगितलं, "मांजराचं काय आणलं, म्हैस असती तर बघितलं असतं." भिजत परत आले.

गुरांचा_डॉक्टर | रात्री १०:५५

असं व्हायला नको होतं. आमच्यातल्या काहींचा मांजराला हात लावायचा सराव नाही, आणि ते कबूल करण्याऐवजी असं बोललं जातं. पुन्हा झालं तर निदान सलाईन आणि ऊब तरी द्या, पुढे कुठे न्यायचं ते लिहून द्या, असा आग्रह धरा. तो तुमचा हक्क आहे.

बोदवडचा_बाळ्या | रात्री ११:१२

कसं शे पिल्लू आते? मी झोपलो नाही.

बट्टीची_माय | रात्री ११:१५

मीपण. बट्टी मांडीवर आहे. (नाव असं का म्हणून विचारलं होतं कुणीतरी मागे. गोल वळून झोपली की हुबेहूब वरणबट्टीतली बट्टी दिसते.)

कपाशीकाठ | सोमवार, पहाटे १:१०

पोचलो, बघून झालं, आत्ता गाडीत बसून लिहितेय. पांझरेकाठी दादा फाट्यावर मफलर गुंडाळून उभे होते. भरिताचा डबाही बांधून आणला होता आमच्यासाठी. काय बोलू.

डॉक्टरांनी आधी ऊब दिली, मग मानेच्या कातडीखाली सलाईन, उलटी थांबायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. शीची पट्टीवर तपासणी केली. दहा मिनिटं त्या पट्टीकडे आम्ही तिघं बघत होतो. दुसरी रेघ आली. मांजरांचा पार्व्हो, पॅनल्यूकोपेनिया. त्यात पांढऱ्या पेशी उतरतात आणि आतड्याचं अस्तर सुटतं म्हणाले. लस दिली नव्हती. मला वाटायचं घरात राहणाऱ्याला कशाला. विषाणूवर औषध नाही, पाणी आणि साखर टिकवून तिच्या शरीराला वेळ मिळवून द्यायचा. पुढचे तीन-चार दिवस कठीण. सकाळपर्यंत थांबला असतात तर शीर सापडली नसती, असं म्हणाले. वजन ५४० ग्रॅम.

तिला तिथेच ठेवलंय. रिकामं खोकं मांडीवर घेऊन परत चाललोय.

यावलकर | पहाटे ५:४०

ताई, उठल्याबरोबर पहिलं हे वाचलं. मी "सकाळी न्या" म्हणालो होतो. माझं ऐकलं नाहीत ते फार बरं केलंत.

शहाद्याची_पोर | सकाळी ७:१५

बोंडचं काय? त्यालाही होईल ना? आणि माणसांना, कुत्र्यांना?

गुरांचा_डॉक्टर | सकाळी ८:०२

माणसांना होत नाही. घरच्या कुत्र्यालाही याची धास्ती नको, त्यांचा पार्व्हो वेगळा. पण बोंड आजच दाखवा, त्याची वाटी, वाळू, अंथरूण वेगळं करा. आधी त्याचं करा, मग तिच्या वस्तूंना हात लावा, आणि मध्ये कपडे बदला. हा विषाणू फिनाईलला दाद देत नाही. घरगुती ब्लीच एका लिटर पाण्यात साधारण ३० मिली घाला, फरशी आधी साबणाने धुवा, मग हे पाणी दहा मिनिटं राहू द्या. जमिनीत तो वर्षभर टिकू शकतो. कापूस धुता येणार नाही, तेव्हा त्या खोलीत वर्षभर लस न झालेलं पिल्लू सोडू नका.

कपाशीकाठ | दुपारी १२:२०

बोंडला दाखवलं. ताप नाही, भूक आहे, लगेच लस टोचली. कापूस या आठवड्यात विकायचा ठरलाय. भाव आहे तो आहे.

यावलकर | बुधवार, सकाळी ९:४८

ताई, सरकीचं काही कळलं का? आणि माझीच एक अडचण, याच धाग्यावर विचारतो. संक्रांतीचा मांजा अजून झाडाझुडपांत लोंबतोय. मळ्यातल्या एका पिल्लाच्या तोंडातून धागा लोंबताना सकाळी पोराला दिसला. कालपासून खात नाही, दोनदा ओकलं. ओढून काढू का?

गुरांचा_डॉक्टर | सकाळी ९:५१

ओढू नका! धागा जिभेच्या मुळाशी अडकलेला असतो आणि दुसरं टोक आतड्यात गेलेलं असतं. ओढलं तर करवतीसारखं आतडं कापतं. गुदद्वारातून लोंबत असला तरी तेच. कापूही नका, आहे तसं घेऊन जा, एक्स-रे किंवा सोनोग्राफी असेल तिथे. आजच.

यावलकर | सकाळी ९:५४

निघालो जळगावला. पोराला शाळा बुडवून सोबत घेतलंय, त्याने टोपली धरलीय.

कपाशीकाठ | बुधवार, रात्री ९:०५

काका, पोचलात का? काय म्हणाले?

सरकी: सोमवारी रात्री फोन आला तेव्हा आवाज ऐकूनच मी भिंतीला टेकले होते. अंग पुन्हा गार पडलं होतं. काल दिवसभर काहीच बदल नाही. आज दुपारी डॉक्टरांनी बोटावर कोंबडीचा मऊ गोळा धरला तर तिने आधी हुंगला, मग बोटालाच चावली. उलटी कालपासून नाही. वजन ५१५ पर्यंत उतरलं होतं, आज ५२५. शनिवारी घरी नेऊ देतील बहुतेक.

सासूबाईंनी सोनाराकडून छोटा काटा मागून आणलाय. रोज सकाळी दोघांचं वजन करायचं आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायचं, असं त्यांनीच ठरवलंय. या वयात दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं म्हणे डॉक्टर. आज बोंड ७०५.

यावलकर | बुधवार, रात्री १०:४०

ऑपरेशन झालं. हातभर मांजा निघाला, आतडं दोन ठिकाणी दुमडलं होतं पण फाटलं नव्हतं. शुद्धीवर आलंय. पोरगा तिथून हलायला तयार नाही, म्हणून आम्ही दोघं दवाखान्याच्या ओट्यावरच आहोत. पांघरूण आहे.

ताई, तो काटा कितीला येतो आणि जळगावात कुठे मिळेल?